सारख्या दिसणाऱ्या पेशींची ओळख

रक्तातील लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर गोल, गडद केंद्रक आणि त्याभोवती पेशीद्रव्याची बारीक कड एवढेच दिसते. त्यांतील कोणती पेशी विषाणूबाधित पेशींना मारते, कोणती इतर पेशींना मदत करते आणि कोणती पुढे प्रतिपिंडे तयार करणार आहे, हे त्या रूपावरून ठरवता येत नाही. भेद असतो तो पेशीच्या बाहेरच्या पटलावर. या पटलात रुतलेली प्रथिने बाहेरचे संदेश टिपतात, शेजारच्या पेशींना धरतात, आणि कामाप्रमाणे त्यांचा संच बदलत असल्यामुळे तीच पेशीची ओळखखूण ठरतात. ही खूण हुडकण्यासाठी तिला नेमके चिकटणारे असे काही हाताशी हवे, आणि ते काम प्रतिपिंडांकडून, म्हणजे परक्या पदार्थाला बांधण्यासाठी प्रतिकारसंस्था बनवते त्या प्रथिनांकडून, करून घेतले जाते.

पूर्वी त्यासाठी सशाला किंवा घोड्याला मानवी पेशी टोचून त्याच्या रक्तातील द्रव, म्हणजे सीरम, वापरले जाई. पण सीरममध्ये अनेक वंशांच्या बी-पेशींची, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या लिंफोसाइटांची, प्रतिपिंडे मिसळलेली असत. नको असलेली प्रतिपिंडे खटपटीने वेगळी काढावी लागत, आणि तो प्राणी गेला की तंतोतंत तसेच सीरम पुन्हा मिळत नसे.

ही अडचण केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत जॉर्ज कोहलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये दूर केली. एक बी-पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते, परंतु काचपात्रात ती फार दिवस जगत नाही. उलट मायलोमा या कर्करोगाच्या पेशी तेथे अखंड वाढत राहतात. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतील पेशी आणि उंदराच्याच मायलोमा पेशी यांचा त्यांनी संयोग घडवून आणला. मिश्रणातून नेमक्या संकरित पेशी निवडण्याची युक्ती तर फारच सुंदर आहे. वापरलेल्या मायलोमा पेशींत डीएनएचे घटक पर्यायी मार्गाने बनवणारे एक विकर नसते, आणि पोषकद्रव्यातील अमिनोप्टेरिन हे औषध मुख्य मार्ग अडवते. त्यामुळे एकट्या मायलोमा पेशी मरतात, एकट्या प्लीहापेशी काही दिवसांत आपोआप संपतात, आणि एका जनकाकडून विकर व दुसऱ्याकडून अखंड वाढ घेतलेल्या संकरित पेशीच तेवढ्या उरतात. त्यांतील एकेक पेशी वेगळी वाढवली की तिच्या वंशातून एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तितके मिळते. हेच मोनोक्लोनल प्रतिपिंड. या पद्धतीचे पेटंट घेतले गेले नाही, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ती झपाट्याने पसरली त्यात या मोकळेपणाचा वाटा मोठा आहे. १९८४ मध्ये या दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पुरस्कार मिळाला.

प्रसार वेगाने झाला तसा नावांचा गोंधळही वाढला. इतर पेशींना मदत करणाऱ्या लिंफोसाइटांवरील, म्हणजे मदतनीस टी-पेशींवरील, एकाच रेणूला कोणी टी४ म्हणे, कोणी लेउ-३, तर कोणी त्याला ओकेटी४ या प्रतिपिंडाच्या नावाने ओळखे. १९८२ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत प्रयोगशाळांनी आपापली प्रतिपिंडे एकाच पेशीसंचांवर तपासून पाहिली आणि एकच रेणू ओळखणाऱ्यांचे गट पाडून त्यांना ‘सीडी’ क्रमांक देण्यास सुरुवात केली; वरचा रेणू त्यात सीडी४ ठरला. एचआयव्हीच्या उपचारांमुळे मराठी वाचकांच्या कानावर पडलेला ‘सीडी-फोर काउंट’ हा शब्द याच क्रमवारीतून आला. या विषाणूचे प्रवेशद्वार शोधण्यातही हीच प्रतिपिंडे कामी आली: १९८४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी १५५ मोनोक्लोनल प्रतिपिंडे वापरून पाहिली, तेव्हा त्यांतील सीडी४ ला चिकटणाऱ्या सर्व १४ प्रतिपिंडांनी विषाणूची वाट रोखली.

आज प्रतिपिंडाला चमकणारे रंगद्रव्य जोडतात आणि फ्लो सायटोमीटर या यंत्रात पेशी एकामागून एक लेसरच्या झोतातून जातात, तेव्हा प्रत्येक पेशीवरील अनेक खुणा क्षणार्धात मोजल्या जातात. मात्र चमक दिसली म्हणजे खूण सापडलीच असे नव्हे. काही पेशींवर प्रतिपिंडाचे शेपूट पकडणारे ग्राही असतात, मृत पेशी कोणतेही प्रतिपिंड धरून ठेवतात, आणि सीडी४ तर मोनोसाइट या वेगळ्या पांढऱ्या पेशींवरही थोड्या प्रमाणात असतो. म्हणून मदतनीस टी-पेशी मोजताना टी-पेशींची स्वतःची खूण असलेला सीडी३ सोबत तपासावा लागतो.

याहून सूक्ष्म धोका प्रतिपिंडाच्या नेमकेपणातच दडलेला आहे, कारण ते संपूर्ण रेणू ओळखत नाही, त्याचा एक लहानसा भाग, म्हणजे एपिटोप, तेवढा ओळखते. काही निरोगी व्यक्तींमध्ये सीडी४ रेणूच्या रचनेत आनुवंशिक फरक असतो आणि ओकेटी४ नेमके त्याच जागी चिकटू शकत नाही; अशा व्यक्तीच्या रक्तात मदतनीस पेशी जवळजवळ नाहीतच असा निष्कर्ष निघतो, आणि त्याच रेणूच्या दुसऱ्या भागाला चिकटणारे प्रतिपिंड वापरले की त्या सगळ्या पेशी जागच्या जागी सापडतात. शोधनिबंधात केवळ ‘सीडी४ प्रतिपिंड’ असे न लिहिता ते कोणत्या पेशीवंशाचे, म्हणजे कोणत्या क्लोनचे, हे नोंदवणे म्हणूनच आवश्यक ठरते.