उभ्या-उभ्या भोवळ येते, रिपोर्ट मात्र नॉर्मल? 'टिल्ट टेबल टेस्ट'बद्दल जाणून घ्या

शाळेत प्रार्थनेला उभी असलेली मुलगी, रेशनच्या रांगेतली बाई, लग्नात उन्हात ताटकळलेला माणूस. डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो आणि माणूस कोसळतो. आडवं पडल्यावर मिनिटाभरात शुद्धही येते. दवाखान्यात नेईपर्यंत बीपी, शुगर, ईसीजी सगळं नॉर्मल! मग कुणी अशक्तपणा म्हणतं, कुणी 'बाहेरचं'. काहींना तर फिट समजून वर्षानुवर्षे गोळ्या चालू राहतात.

असं का होतं?

आपण उभे राहिलो की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. एरवी शरीर रक्तवाहिन्या आवळून, ठोके थोडे वाढवून मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळतं. काहींच्या बाबतीत हे उलटंच होतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, ठोके मंदावतात, बीपी एकदम उतरतं. याला 'व्हॅसोव्हेगल सिंकोपी' म्हणतात. बेशुद्धीत हातपाय झटकले जातात, म्हणून ती फिट वाटते.

टेस्ट कशी करतात?

भोवळ नेमकी डॉक्टरांसमोर यावी, यासाठी ही तपासणी. १९८६ साली लंडनमधल्या डॉक्टरांनी ती या कामासाठी पुढे आणली. काही तास उपाशी राहावं लागतं. पेशंटला टेबलावर पट्ट्यांनी बांधून आधी आडवं ठेवतात. मग टेबल ६० ते ७० अंशांत उभं करतात. २० ते ४५ मिनिटं बीपी आणि ईसीजीवर सतत लक्ष असतं. काहीच झालं नाही, तर जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देऊन आणखी थोडा वेळ पाहतात. भोवळ आली की टेबल लगेच आडवं होतं आणि पेशंट शुद्धीवर येतो.

बीपी पडलं, ठोके मंदावले की दोन्ही झालं, हे यातून कळतं आणि उपचार त्यानुसार ठरतात. मात्र टेस्ट नॉर्मल आली म्हणजे त्रास नाहीच, असं नाही.

आधी हृदय तपासा

पळताना किंवा कष्टाचं काम करताना शुद्ध हरपली, झोपलेलं असताना असं झालं, त्याआधी छातीत धडधडलं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर थांबू नका. आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

एवढं लक्षात ठेवा

अंधारी आली की लगेच आडवे व्हा. जागा नसेल तर पायावर पाय टाकून मांड्या घट्ट आवळा. पडलेल्याला उठवून बसवू नका, तोंडात पाणी ओतू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाय थोडे वर उचलून धरा. आणि डॉक्टरांकडे जाताना पडताना पाहणाऱ्याला सोबत न्या. मोबाईलवर व्हिडिओ असेल तर तोही दाखवा. फिट की भोवळ, हे ठरवायला त्याची मोठी मदत होते. फिटच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.