तपासणी वर्षातून एकदा, आजार मात्र रोजचा

सोलापूरहून तुळजापूरकडे निघाले की साधारण निम्म्या वाटेवर तामलवाडी लागते. आश्विनात तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी निघालेल्या भाविकांच्या रांगा याच रस्त्याने जातात. एरवी हा महामार्ग ट्रक, एसटी आणि उसाच्या ट्रॅक्टरांचा. गाव तुळजापूर तालुक्यात आणि धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात येते. मात्र गावात कोणी गंभीर आजारी पडले की गाडी बहुधा सोलापूरच्या दिशेने वळते, कारण मोठी रुग्णालये तिकडे आहेत आणि अंतरही कमी आहे. कागदपत्रांसाठी पुन्हा धाराशिव गाठावे लागते. जिल्ह्याच्या सीमेवरील गावांच्या दृष्टीने ही नेहमीचीच बाब आहे. आजारी मूल शाळेत जात असेल, तर मात्र या दुहेरी वाटेचा भार आईवडिलांबरोबर शाळेवरही पडतो.

समजा, अशा गावातील सहावीतल्या एका मुलीला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. या आजारात शरीरात इन्शुलिन जवळपास तयारच होत नाही. ते दिवसातून अनेकदा सुईने घ्यावे लागते आणि त्यातली एक वेळ बहुधा दुपारच्या जेवणाआधीची असते. शाळा सकाळी साडेदहाच्या सुमारास भरते, मधल्या सुट्टीत शालेय पोषण आहाराची खिचडी मिळते. खिचडीआधी सुई टोचायची तर ती कुठे बसून टोचायची? बाटली कशात ठेवायची? एखाद्या दिवशी जेवणाला उशीर झाला आणि रक्तातील साखर उतरून मुलीला घाम फुटू लागला, हात थरथरू लागले, तर पुढे काय करायचे हे वर्गातील कोणाला माहीत असेल? महाराष्ट्रात शालेय आरोग्याच्या योजना बऱ्याच आहेत. परंतु या साध्या प्रश्नांचे उत्तर त्यांतल्या एकाही योजनेत थेट सापडत नाही.

बडोद्यापासून पालघरपर्यंत

शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. भारतात अशी तपासणी प्रथम १९०९ मध्ये बडोदा शहरात झाली, असे सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यपुस्तकांत नमूद आहे. त्या वेळी तिथे सयाजीराव गायकवाड यांचे राज्य होते. पुढे १९४६ मध्ये भोर समितीने देशातील शालेय आरोग्यसेवा जवळपास नसल्यातच जमा असल्याचे नोंदवले. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली व तिचा अहवाल पुढील वर्षी आला. योजना येत राहिल्या, पण त्यांचे स्वरूप मुख्यत्वे तपासणीचेच राहिले.

आज गावोगावच्या शाळांत जे पथक येते, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे असते. या कार्यक्रमाचा देशपातळीवरील प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला. पथकात आयुष शाखेचे दोन वैद्यकीय अधिकारी (एक पुरुष, एक स्त्री), औषधनिर्माता आणि परिचारिका असावी, अशी रचना आहे. अंगणवाड्यांची तपासणी वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांची वर्षातून एकदा करायची असते. जन्मजात दोष, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब अशा चार गटांत सुरुवातीला तीस प्रकारच्या तक्रारी निश्चित करण्यात आल्या होत्या. शून्य ते अठरा वर्षांपर्यंतची मुले तिच्या कक्षेत येतात.

या पथकांनी केलेले काम मोलाचे आहे. फळ्यावरचे अक्षर दिसत नाही म्हणून ‘ढ’ ठरलेल्या मुलाला चष्मा मिळतो. छातीला नळी लावल्यावर हृदयातील छिद्राचा संशय येतो आणि मूल वरच्या रुग्णालयात पाठवले जाते. आईवडिलांच्या लक्षात न आलेली गोष्ट शाळेच्या व्हरांड्यात दहा मिनिटांत लक्षात येते, हे अनेक गावांनी पाहिले आहे. गुंतागुंतीच्या मुलांना उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाकडे आणि तेथून गरजेनुसार मोठ्या शहरांतील रुग्णालयांकडे पाठवण्याची साखळीही आखलेली आहे.

साखळीचे पुढचे टोक मात्र पुन्हा वर्गातच येऊन पोहोचते. शस्त्रक्रिया झालेले मूल दोन महिन्यांनी परत येते. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपेला इजा झालेल्या मुलाला पुढे वर्षानुवर्षे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. एक खेप चुकली तरी ताप पुन्हा उलटण्याचा धोका असतो. म्हणजे दर महिन्याला किमान एक दिवस शाळा बुडणार, हे ठरलेलेच. त्या दिवशीचा अभ्यास कोण भरून काढणार, खेळाच्या तासाला या मुलाने किती पळायचे, धाप लागली तर कोणाला फोन करायचा, याची नोंद हजेरीपटात नसते. पथक तर पुढच्या वर्षी येणार.

सुई वर्गात घ्यायची की दारामागे?

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मार्च २०२३ मध्ये सर्व राज्यांना पत्र पाठवून पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या मुलांना वर्गात साखर तपासण्याची, इन्शुलिन घेण्याची आणि मधल्या वेळेत खाण्याची मुभा द्यावी, असे कळवले. त्याआधी २०१७ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावी-बारावीच्या मधुमेही परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळे, पाणी परीक्षागृहात नेण्याची परवानगी दिली होती. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. तरी आयोगाचे पत्र मुभेपुरते आहे. मुभा देणे आणि सोय करणे यांत फरक असतो. मुलीला सुई घेण्यास कोणी अडवणार नाही, एवढे पत्राने साधते. ती सुई घेत असताना जवळ एक जाणते माणूस असावे, ही सोय पत्राने होत नाही.

शहरातील मोठ्या खासगी शाळांत आजारी मुलांसाठी खोली असते, काही ठिकाणी परिचारिकाही असते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत बहुधा लिपिकही नसतो. खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, जंतनाशक गोळ्यांचे वाटप, लोहाच्या गोळ्यांची नोंद ही सारी कामे शिक्षकांकडेच असतात. आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यविषयक प्रशिक्षण देण्याची तरतूद झाली, पण त्यांचे काम मुख्यतः आरोग्यशिक्षणाचे आहे. एका विशिष्ट मुलाच्या विशिष्ट आजाराची जबाबदारी त्यात येत नाही. शिक्षकाच्या मनातली भीतीही समजून घेण्यासारखी आहे. मदत केली आणि काही बरेवाईट झाले तर ठपका आपल्यावरच येईल, या धास्तीने ‘आज घरीच ठेवा’ असे पालकांना सांगितले जाते. हा सल्ला सद्भावनेने दिलेला असला, तरी तो वारंवार मिळाला की मूल घरीच राहू लागते.

पालकही पुष्कळदा आजार सांगत नाहीत. मुलगी असेल तर पुढे लग्नात अडचण येईल म्हणून मधुमेह आणि आकडी या दोन गोष्टी हमखास लपवल्या जातात. मग वर्गात आकडी आली की धावपळ होते. कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी दातांत चमचा घालू पाहतो. वास्तविक यांतले काहीच करायचे नसते. मुलाला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही आणि घड्याळ पाहायचे. आकडी पाच मिनिटांहून अधिक लांबली किंवा शुद्धीवर येण्याआधी पुन्हा आली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची. साखर उतरलेल्या मुलाबाबतही असेच आहे. ते शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काही ओतायचे नाही. एवढे शिकायला शिक्षकाला एक तास पुरतो.

उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या या भागात इन्शुलिन थंड ठेवण्याचा प्रश्न वेगळाच. शाळेत फ्रिज नसतो, आणि असला तरी विजेचा भरवसा नसतो. वापरात असलेली बाटली कडक उन्हापासून दूर, मातीच्या माठाच्या गारव्यात ठेवण्याचा सल्ला डॉक्टर देतात. माठ तर प्रत्येक शाळेत असतो.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या ‘मुले व कुटुंबे’ कायद्याने आजारी विद्यार्थ्यांच्या मदतीची व्यवस्था करणे हे शाळांच्या व्यवस्थापनाचे कर्तव्य ठरवले. सोबतच्या मार्गदर्शक सूचनांत गरज असलेल्या प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आरोग्य आराखडा करण्यास सांगितले आहे. आजार कोणता, औषध कोणते, धोक्याची लक्षणे कोणती, मदत कोण करणार आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर कोण, हे त्यात लिहिलेले असते. आपल्याकडील दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यातील २१ प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आजारांचा समावेश झाला, ही मोठी गोष्ट होती. परंतु मधुमेह, दमा, हृदयविकार त्या यादीत नाहीत. या मुलांना प्रमाणपत्र मिळत नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून सवलतीही नाहीत.

तीस दिवसांची रेघ

दीर्घ आजारात आणखी एक अडचण उभी राहते. पटावर नाव असूनही सलग महिनाभराहून अधिक काळ गैरहजर राहिलेले मूल महाराष्ट्रात ‘शाळाबाह्य’ धरले जाते. ही व्याख्या प्रामुख्याने ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील आणि कामाला जुंपलेल्या मुलांचा शोध घेताना उपयोगी पडते. मांडीचे हाड मोडून सहा आठवडे खाटेवर पडलेले मूलही त्याच रेघेपलीकडे जाते. २०१७ च्या सुमारास राज्यात सुरू झालेल्या ‘बालरक्षक’ उपक्रमातील शिक्षक अशा मुलांच्या घरी जाऊन त्यांना परत आणतात. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे, आणि समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक त्यासाठी घरी येतात. काही महिन्यांपुरत्या आजारी पडलेल्या मुलाला मात्र ती वाट मोकळी नाही. त्याचा अभ्यास शेजारच्या मित्राच्या वहीवर आणि वर्गशिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून राहतो.

दहावीत हे आणखी बोचते. राज्य मंडळाला ७५ टक्के उपस्थिती लागते. आजारपणामुळे ती कमी पडल्यास वैद्यकीय प्रमाणपत्रासह शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे विनंती करता येते. धाराशिव जिल्ह्यासाठी हे मंडळ लातूरला आहे. परीक्षेच्या तोंडावर लिहिता हात मोडला तर लेखनिकाची परवानगीही तेथूनच मिळते, आणि लेखनिक खालच्या इयत्तेचा असावा लागतो. या गोष्टी पालकांना बहुतेक वेळा परीक्षेच्या आठवड्यात कळतात.

अपघाताच्या बाबतीत व्यवस्था तुलनेने स्पष्ट आहे, निदान कागदावर. २००३ पासून राज्यात राजीव गांधींच्या नावाने विद्यार्थी अपघात विमा योजना होती. विमा कंपन्यांकडून दावे निकाली निघण्यात अडचणी येत असल्याने २०१३ मध्ये ती बदलून थेट शासनाकडून सानुग्रह अनुदान देण्याचे ठरले. २०२२ मध्ये रकमा वाढल्या. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास दीड लाख रुपये, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे कायमचे निकामी झाल्यास एक लाख आणि एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास ७५ हजार रुपये मिळतात. अपघातानंतर शस्त्रक्रिया करावी लागल्यास तिचा प्रत्यक्ष खर्च कमाल एक लाखापर्यंत मिळू शकतो.

महामार्गालगतच्या गावात ही तरतूद किती महत्त्वाची आहे, हे सांगायला नको. पण कागद जमवताना सुरुवातीची ती दुहेरी वाट पुन्हा आडवी येते. गुन्ह्याची नोंद आणि पंचनामा तामलवाडी पोलीस ठाण्यात, उपचाराची कागदपत्रे सोलापूरच्या रुग्णालयात, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा शल्यचिकित्सक आणि प्रस्तावासाठी शिक्षणाधिकारी, दोघेही धाराशिवला. मोलमजुरी करणाऱ्या बापाच्या प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते. प्रस्ताव शाळेने तयार करायचा असतो, त्यामुळे मुख्याध्यापकाला योजनेची माहिती आहे की नाही, यावरच पुष्कळ काही ठरते.

आरोग्य आराखड्यासारखा एक कागद आपल्याकडेही करता येण्याजोगा आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, शासनाच्या निधीची वाट पाहावी लागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, पालकांची लेखी संमती, दोन फोन क्रमांक, मदत करणाऱ्या दोन शिक्षकांची नावे आणि ‘असे झाले तर असे करा’ या चार ओळी पुरतात. लेखी संमतीमुळे शिक्षकाची भीतीही बरीच कमी होते. तपासणी पथकाने आजार शोधून काढला की संदर्भपत्रासोबत असा कागद भरून शाळेत ठेवला, तर त्यांच्या वर्षातून एका दिवसाच्या भेटीचा उपयोग उरलेल्या दिवसांनाही होईल.

कागद हवा तो आणखी एका कारणाने. काही शाळांत ही सारी व्यवस्था आजही चालते, पण ती एखाद्या बाईंच्या किंवा गुरुजींच्या डोक्यात असते. त्या मुलीची सुई कुठे ठेवतात, तिच्या दप्तराच्या कोणत्या कप्प्यात साखरेची पुडी असते, हे त्यांना ठाऊक असते. मग त्यांची बदली होते. जूनमध्ये शाळा उघडते, नवे शिक्षक हजेरी घेतात, आणि आपल्याला काय होते हे सहावीतून सातवीत गेलेल्या त्या मुलीला सगळ्या वर्गासमोर पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते.