विहाराच्या दारातला अशोक कोणता?

आमच्या शिरूर-दौंड भागात विहारापुढे खांबासारखी सरळ झाडे दिसतात. सम्राट अशोकाच्या नावाचे झाड म्हणून आम्हीच ती हौसेने लावली. पण तो खरा अशोक नव्हे, आसुपालव! नागमोडी कडांची पाने, हिरवट फुले, कूळ सीताफळाचे. सावलीही बेताचीच.

खरा तो सीताअशोक. त्याचे कूळ चिंचेचे. कोवळी तांबूस पालवी लोंबते, फांद्यांवर केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. बुद्धजन्माची कथा कोणी शालवृक्षाखाली सांगतात, कोणी या अशोकाखाली.

आसुपालवाला धोका नाही. सीताअशोक मात्र १९९८ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'असुरक्षित' ठरला. बायकांच्या तक्रारींवरील अशोकारिष्टासाठी त्याची साल सोलतात. सभोवार सोलली की झाड वाळते. मग त्याच्या नावावर आसुपालवाचीच साल खपवली जाते. माताभगिनींनी हे ध्यानात घ्यावे.

सीताअशोक सह्याद्रीच्या ओल्या रानातला. घोड-भीमेकाठच्या आपल्या कोरड्या गावांत त्याला थोडी सावली आणि दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागेल. लावलेले आसुपालव तोडू नका. वर्षावासात नवे रोप घेताना मात्र एका देठावर जोडीजोडीने पाने आहेत का, ते पाहूनच पैसे द्या.