घाटात डिझेल गाडी गरम झाली, तर बिल लाखाच्या घरात का जातं?
फलटणहून साताऱ्याला जाताना आदर्कीचा घाट लागतो. चढणीवर टेम्परेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकला, तर कारण बऱ्याचदा साधं असतं: फुटलेला होज पाइप किंवा कमी झालेला कूलंट. पण 'वर चढून बघू' म्हणत गाडी दामटली की हेड वाकतं, गॅस्केट जातं, कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. मग इंजिन उतरवावं लागतं आणि शेकड्यांचं काम लाखाच्या घरात जाऊ शकतं. नेहमीच्या विम्यात असा बिघाड बसत नाही.

म्हणून काटा चढताच गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. टोइंग स्वस्त पडतं. इंजिन खोलण्याआधी लेखी एस्टिमेट घ्या, जुने पार्ट मागून घ्या. बिलावरून वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.