गुडघ्यातल्या गादीचे टाके

मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये, गुडघ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला चंद्रकोरीच्या आकाराची एकेक गादी असते. डॉक्टर तिला मेनिस्कस म्हणतात. शरीराचा भार ती हाडांवर सारखा पसरवते. कबड्डीत पाऊल रोवलेलं असताना गुडघा पिळवटला, की ती फाटू शकते.

सूज बरेचदा दुसऱ्या दिवशी येते, म्हणून लचक समजून मालिश सुरू होतं. गुडघा अडकत असेल, पूर्ण सरळ होत नसेल, तर मालिश थांबवावं आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. फाटलेला तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो.

एक्स-रेमध्ये गादी दिसत नाही, एमआरआय लागतो. त्यात फाट कुठे आहे हे पाहायचं. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली फाट जुळून येते. आतल्या पातळ भागात रक्त पोचत नाही, तिथे टाके सहसा टिकत नाहीत. उतारवयात झिजून फाटलेल्या गादीला बहुधा आधी व्यायामच सांगतात.

ऑपरेशनला बहुतेकदा कमरेत भूल देतात. गुडघ्यापुढे दोन लहान छिद्रं पाडून एकातून सुमारे 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण, दुसऱ्यातून अवजारं घालतात. सलाइनने सांधा फुगवतात. मग फाटीच्या कडा खरवडतात. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण ताज्या कडांशिवाय भरून येणं सुरूच होत नाही. शेवटी टाके घालून कडा जुळवतात. हे आतले टाके काढायचे नसतात.

खरा घोटाळा घरी होतो. दुखणं थांबलं की गुडघा बरा झाला असं वाटतं. शेजारच्या कुणाच्या गादीची नुसती कड कापलेली असते, तो आठवड्यात हिंडू लागतो. मग आपणही कुबड्या टाकतो. टाके कडा फक्त धरून ठेवतात, जुळायला महिने लागतात. साधारण 4 ते 6 आठवडे कुबड्या आणि पट्टा, गुडघा 90 अंशांपलीकडे वाकवायचा नाही. उकिडवं बसणं, भारतीय शौचालय, मांडी घालून जेवणं सुमारे 4 महिने बंद. कमोडची सोय ऑपरेशनआधीच करून ठेवावी. खेळ बहुधा सहा महिन्यांनी. पोटरी सुजून दुखू लागली किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एडिंबरोच्या टॉमस अ‍ॅनंडेल यांनी 1883 मध्येच गादी शिवली होती. तरी पुढे कित्येक दशकं ती सरळ काढून टाकत, आणि असे गुडघे लवकर झिजत. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारावं: गादी शिवता येईल, की कापावीच लागेल?