पाळी चुकली की आठवडे मोजा: किनवट भागातले गर्भपाताविषयीचे समज

किनवट-माहूरच्या तांड्यांवर, गोंडांच्या गुड्यांत आणि कोलामांच्या पोडांवर एक समज घट्ट रुतलेला आहे: गर्भपात कायद्यानं बंद आहे. म्हणून नको असताना दिवस गेले की बाई सरकारी दवाखान्याची पायरी चढायला घाबरते. आधी घरचे उपाय, मग कुणीतरी आणून दिलेल्या गोळ्या, मग पाटी नसलेल्या खोलीत 'पिशवी साफ' करून देणारा कुणीतरी. गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय अनेकदा सगळ्यात शेवटी आठवतं, अंगावरून जाणं थांबेनासं झाल्यावर. तिथून नांदेडला हलवायचं म्हटलं तर रस्ता सव्वाशे किलोमीटरांहून लांब आहे.

कायदा काय म्हणतो? वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे. त्याची पायाभरणी महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमलेल्या समितीनं केली. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, हेच त्या समितीपुढचं दुखणं होतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर विसाव्या आठवड्यापर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं गर्भपात करता येतो. गर्भनिरोधक साधन फसलं, हे कारणही कायद्याला चालतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि ती मुभा ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना आहे, उदाहरणार्थ बलात्काराला बळी पडलेली, अठरा वर्षांखालची, गर्भ असतानाच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो.

मग बंदीचा समज आला कुठून? माझ्या मते तो आपणच पसरवला, चांगल्या हेतूनं. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं, २०१७ मध्ये सांगलीच्या म्हैसाळला पुरलेले भ्रूण सापडले, आणि राज्य हादरलं. मुली पोटातच मारल्या जात होत्या; त्याविरुद्ध कडक व्हायलाच हवं होतं. पण भिंतींवर अर्धाच कायदा रंगवला गेला. गर्भ मुलाचा की मुलीचा हे तपासणं गुन्हा आहे. त्यासाठी १९९४ चा वेगळा कायदा आहे. अटींत बसणारा गर्भपात गुन्हा नाही, ही ओळ कुठल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दिसते? परळीनंतर औषध दुकानांची तपासणी कडक झाली आणि राज्यातल्या अनेक दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. खरं तर या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच वापरायच्या असतात, आणि सोनोग्राफीत लिंग ओळखू येतं ते साधारण बाराव्या आठवड्यानंतर. म्हणजे मुलगी नको म्हणून गर्भपात करणाऱ्यांचा हा मार्गच नव्हे. गोळ्या दुर्मिळ केल्यानं अडली ती लवकर सुटका हवी असलेली बाई.

आठवडे मोजण्यातही मोठी गफलत होते. पाळी चुकल्यापासून महिना मोजायची आपली रीत आहे. डॉक्टर मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी नियमित असेल तर ती चुकली त्या दिवशीच चार आठवडे भरलेले असतात. गोळ्यांसाठी उरतात जेमतेम पाच. ऊसतोडीला किंवा तेलंगणात मजुरीला गेलेलं कुटुंब परत येईपर्यंत ते सहज निघून जातात. लघवीची तपासणी आशाताईंकडच्या किटवर होते. गोळ्यांची मुदत टळली तरी बारा आठवड्यांपर्यंत हातपंपासारख्या साध्या उपकरणानं गर्भ शोषून काढता येतो. जुन्या पद्धतीचं खरवडणारं क्युरेटिंग आता टाळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

'नवऱ्याची सही आणा' असं तोंडावर सांगून बायकांना परत पाठवलं जातं. कायद्यात ही अट कुठेही नाही. सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, सही नसेल तर अंगठा चालतो. नवरा कारखान्यावर असो की सासू नाही म्हणत असो, कायद्याला त्यांचं काही विचारायचं नाही. 'आधी नसबंदीला तयार हो' ही अटही कायद्यात नाही. लग्न झालेलं नसलं तरी दार उघडं आहे: २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत धरलं. गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अठराखालच्या मुलीसाठी पालकाची संमती लागते. मराठवाड्यात अजून बालविवाह होतात, आणि अशी मुलगी गरोदर राहिली की घरचे पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळतात. पोलिसांना कळवण्याचं बंधन डॉक्टरवर आहे, हे खरं. पण मुलगी आणि पालक यांनी विनंती केली तर त्या माहितीत तिची ओळख उघड करायची गरज नाही, असं त्याच निकालात म्हटलं आहे.

आता घरगुती उपायांबद्दल. कच्ची पपई, तीळ-गुळाचा काढा, गरम पदार्थ यांनी गर्भ पडतो याला भरवशाचा आधार नाही; यांत हमखास जातो तो वेळ. झाडाची काडी किंवा मुळी पिशवीच्या तोंडात सारणं हा मात्र जीवघेणा प्रकार आहे. पिशवीला भोक पडतं, जंतू रक्तात पसरतात, धनुर्वात होऊ शकतो. वाचली तरी गर्भनलिका बंद पडून पुढे मूल न राहण्याचा धोका असतो. 'एकदा गर्भपात केला की वांझपण येतं' हा समज इथूनच आला असावा. नीट केलेल्या गर्भपातानं पुढच्या गरोदरपणाला धोका पोचत नाही.

गोळ्यांचं प्रकरण वेगळं आहे, कारण त्या खरोखर काम करतात. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधल्या अभ्यासानुसार २०१५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले. आधी मिफेप्रिस्टोन, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. वेळेत आणि योग्य मात्रेत घेतल्यास शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणींचा गर्भपात पूर्ण होतो. तरी डॉक्टर का हवा? गर्भ नळीत अडकला असेल तर या गोळ्या काही करत नाहीत आणि नळी फुटून आत रक्तस्राव होतो. दुसरं कारण या भागापुरतं फार महत्त्वाचं आहे. गोंड, कोलाम, प्रधान समाजांत सिकलसेल आढळतो, आणि अंगात रक्त कमी असलेल्या बायका तर सगळ्याच समाजांत आहेत. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर घरी गोळ्या घेणं म्हणजे जिवाशी खेळ. ते तपासायला बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब पुरतो.

सलग दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप चोवीस तासांत उतरत नसेल, घाण वासाचा स्राव होत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल, तर १०८ ला फोन करावा. आधी काय घेतलं, कुणी केलं, हे डॉक्टरला न लपवता सांगावं. गर्भपात कसाही झालेला असो, तिच्यावर उपचार करावेच लागतात.

सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही. खासगी दवाखान्याला लागते आणि तिचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. ते भिंतीवर नसेल तर तिथून उठावं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, म्हणजे पैशासाठी सावकाराकडे जायची वेळ यायला नको.

आणि एक, जे बाळंतिणींना हमखास सांगितलं जातं: अंगावर पाजतेस तोवर दिवस जात नाहीत. हे फक्त पहिले सहा महिने, बाळ निव्वळ आईच्या दुधावर असताना आणि पाळी आलेली नसताना, तेही बऱ्याच अंशी खरं आहे. तीनपैकी एक अट मोडली की भरवसा संपला. गर्भपातानंतर तर दोन आठवड्यांच्या आतही पुन्हा दिवस राहू शकतात. त्यामुळे तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळी किंवा तांबी यांतलं काय हवं, हे दवाखान्यातून निघण्याआधीच विचारून घ्यावं. सरकारी दवाखान्यात ही तिन्ही साधनं फुकट मिळतात.