आत भाजलेले, बाहेर वाफवलेले

पाव आपण सर्वांनीच पाहिला आहे. मैदा, पाणी, यीस्ट आणि थोडी साखर यांपासून तो तयार होतो. भट्टीतून बाहेर येतो तेव्हा त्याची पाठ तपकिरी झालेली असते. चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडाँग प्रांतात आणि शेजारच्या हाँगकाँगमध्ये जवळजवळ याच जिनसांचा एक गोळा करतात. त्याच्या पोटात डुकराच्या भाजलेल्या मांसाचे गोड-खारट सारण असते. पण हा गोळा शिजून निघतो तो मात्र पांढराशुभ्र! पीठ तेच, यीस्टही तेच. मग एक तपकिरी आणि दुसरा पांढरा, असे का बरे?

या पदार्थाचे नाव 'चा सिउ बाउ'. तेथील कँटनी भाषेत 'चा' म्हणजे काटा, 'सिउ' म्हणजे भाजणे आणि 'बाउ' म्हणजे सारण गुंडाळून केलेला गोळा. पूर्वी मांसाच्या पट्ट्या लोखंडी काट्यांना लावून विस्तवावर भाजत, म्हणून हे नाव पडले. चहाबरोबर बांबूच्या लहान टोपल्यांतून जे निरनिराळे पदार्थ तेथे वाढतात, त्यांत या बाउला मानाचे स्थान आहे. चिनी लोक परदेशी गेले तेव्हा तोही त्यांच्याबरोबर गेला. फिलिपीन्समध्ये अशा बाउला 'सिओपाओ' म्हणतात, तर हवाई बेटांत 'मानापुआ'.

शंभर अंशांची वेस

आपल्या प्रश्नाचे उत्तर पाण्यात आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. खाली कितीही जाळ केला तरी उघड्या भांड्यातील पाण्याचे तापमान त्यापुढे जात नाही. जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून वाफेवर ठेवलेला पदार्थ १०० अंशांच्या वर तापू शकत नाही. पावाच्या भट्टीत मात्र हवा कोरडी असते आणि तापमान २०० अंशांच्या आसपास असते. तेथे पावाच्या पृष्ठभागावरील पाणी लवकर उडून जाते. पाणी गेले की ती शंभराची वेस ओलांडायला वाट मोकळी होते.

वेस ओलांडल्यावर काय होते? सुमारे १४० अंशांपासून पुढे प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि काही शर्करा यांची एकमेकांशी झपाट्याने रासायनिक क्रिया होऊ लागते. तिच्यातून तपकिरी रंगाची आणि खमंग वासाची शेकडो संयुगे तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिल मेलार्ड यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला 'मेलार्ड क्रिया' म्हणतात. पावाची पाठ, भाकरीचे डाग आणि भाजलेले शेंगदाणे यांचा रंग व खमंगपणा यांत तिचा मोठा वाटा आहे. वाफेच्या ओल्या वातावरणात ती अतिशय मंद चालते. म्हणून बाउ पांढरा राहतो. आपले उकडीचे मोदकही याच कारणाने पांढरे राहतात.

मग मांस आधी भाजून का घेतात, हेही आता उघड आहे. ते कच्चे गुंडाळून नुसते वाफवले असते, तर त्याला तो तांबूस रंग आणि खमंगपणा आलाच नसता. एका बाउमध्ये दोन प्रकारची उष्णता कामाला लावलेली असते: आत कोरडी आणि बाहेर ओली.

वाफेच्या पोटातील उष्णता

भट्टी २०० अंशांची आणि वाफ १०० अंशांची. तरीही बाउ अवघ्या १२ मिनिटांत शिजतो. हे कसे? एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. ही उष्णता तापमापकावर दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्णता म्हणतात. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने ती शोधून काढली. हीच वाफ बाउच्या थंड पृष्ठभागाला लागून पुन्हा पाणी झाली की त्या ५४० कॅलरी बाउला मिळतात.

येथे एक इशारा. समजा, एक ग्रॅम उकळते पाणी हातावर पडले. ते ३७ अंशांपर्यंत निवताना ६३ कॅलरी देईल. तितकीच वाफ मात्र ५४० अधिक ६३, म्हणजे ६०३ कॅलरी देईल, जवळजवळ साडेनऊपट! म्हणून मोदकपात्राचे झाकण उघडताना ते स्वतःकडे नव्हे, तर पलीकडच्या बाजूला उघडावे. घरातील मोठ्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय हे काम करू नये.

पीठ कशाने फुगते?

मैद्यात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांपासून ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते. यीस्ट ही एकपेशीय बुरशी साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड वायू व अल्कोहोल तयार करते. हा वायू जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. किण्वन हे सजीवांचे काम आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांनी दाखवून दिले.

बाउ वाफेवर ठेवल्यावर आणखी तीन गोष्टी घडतात. पहिली, बुडबुड्यांतील वायू तापून प्रसरण पावतो. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन आणि १०० अंश म्हणजे ३७३ केल्विन. चार्ल्सच्या नियमाप्रमाणे वायूचे आकारमान जवळजवळ पावपट वाढते. दुसरी, पिठातील थोड्या पाण्याची वाफ होऊन तीही बुडबुड्यांत शिरते. तिसरी, सुमारे ६० अंशांना यीस्ट मरते आणि त्याच सुमारास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात. पुढे ग्लुटेनही घट्ट होते. बुडबुड्यांच्या भिंती अशा रीतीने पक्क्या झाल्या की बाउचा आकार कायम होतो.

कँटनी बाउचे डोके फुलासारखे उकललेले असते. त्यासाठी पिठात बेकिंग पावडरही घालतात. तिच्यात खाण्याचा सोडा आणि कोरडे आम्लधर्मी क्षार असतात. थोडा वायू पाणी लागताच सुटतो आणि उरलेला तापल्यावर. बाहेरचा पापुद्रा धरू लागतो त्याच वेळी आत हा नवा वायू सुटतो. मग तो सर्वांत कमजोर जागा, म्हणजे वरच्या चुण्यांचा सांधा, शोधून फोडतो. मैद्यात थोडे कॉर्नफ्लोअर मिसळले की ग्लुटेनचे प्रमाण कमी होते आणि हे उकलणे सोपे जाते.

आता कृती

मांस: डुकराच्या खांद्याचे ३५० ग्रॅम मांस घेऊन त्याच्या सुमारे ४ सेंटिमीटर जाड पट्ट्या कापाव्यात. २ मोठे चमचे सोया सॉस, २ चमचे साखर, १ चमचा मध, ठेचलेला लसूण आणि अर्धा लहान चमचा चिनी पंचमसाला लावून त्या रात्रभर शीतकपाटात ठेवाव्यात. या मसाल्यात बहुधा चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि सिचुआन मिरी असते. ही मिरी आपल्या कोकण-गोव्यातील तिरफळाची सख्खी बहीण आहे; दोन्ही 'झँथोझायलम' या एकाच प्रजातीतील झाडांची फळे. चीनमध्ये मांसाला लाली आणण्यासाठी तांदळावर वाढवलेल्या मोनॅस्कस बुरशीचा रंगही वापरतात.

पट्ट्या २०० अंशांच्या ओव्हनमध्ये सुमारे ४० मिनिटे भाजाव्यात आणि शेवटी वरून मध लावावा. मांसाच्या मध्यभागी तापमान किमान ७१ अंशांपर्यंत गेले पाहिजे. डुकराच्या कच्च्या मांसात पट्टकृमीसारख्या परजीवींच्या अळ्या असू शकतात. त्या उष्णतेने मरतात. 'बाउ वाफवताना उरलेले शिजेल' असे मात्र समजू नका. फुगलेले पीठ हे हवेच्या बुडबुड्यांचे गोधडीसारखे आवरण असते. त्यातून उष्णता फार सावकाश आत जाते. कच्च्या मांसाची सुरी आणि पाटही वेगळे ठेवावेत.

सारण: भाजलेल्या मांसाचे लहान तुकडे करावेत. १०० मिलिलिटर पाण्यात १ मोठा चमचा सोया सॉस, २ चमचे साखर आणि दीड चमचा कॉर्नफ्लोअर कालवून ते मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळावे. त्यात मांस मिसळून सारण पूर्ण गार करावे. गार झाले की स्टार्चमुळे ते घट्ट होते, म्हणून गुंडाळता येते. गरम सारण घातले तर पीठ चिकट होते आणि चुण्या बसत नाहीत.

पीठ: मैदा २५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ५० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, सुके यीस्ट ४ ग्रॅम, कोमट पाणी सुमारे १५० मिलिलिटर आणि तेल २० ग्रॅम एकत्र करून मऊसूत मळावे. ओल्या फडक्याखाली दुप्पट होईपर्यंत, म्हणजे सुमारे तास-दीड तास, ठेवावे. थंडीत जास्त वेळ लागेल. मग ७ ग्रॅम बेकिंग पावडर भुरभुरून पुन्हा मळावे. १२ गोळ्या कराव्यात. मोदकाप्रमाणे पारी करावी. मात्र मध्ये जाड आणि कडेला पातळ. सारण भरून चुण्या घालून तोंड मिटावे. केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून १५ मिनिटांनी, पाणी खळखळा उकळत असतानाच, १२ मिनिटे वाफवावे. प्रेशर कुकर वापरायचा असेल तर इडलीप्रमाणे शिट्टी काढून ठेवावी.

बिघडले तर?

बाउवर पिवळे डाग पडले, तर बेकिंग पावडर नीट मिसळलेली नाही. मैद्यातील फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये एरवी रंगहीन असतात. जेथे सोडा जास्त राहतो तेथे ती पिवळी होतात. साबण लागला की हळद लाल होते, तसाच हा प्रकार.

बाउ बसले, तर बहुधा झाकण घाईने उघडले गेले. बाहेरची गार हवा लागताच बुडबुड्यांतील वाफेचे पाणी होते आणि वायू आकुंचन पावतो. भिंती पुरत्या पक्क्या झाल्या नसतील तर त्या आत ओढल्या जातात. म्हणून आच बंद केल्यावर झाकण किंचित कलते करून दोन-तीन मिनिटे थांबावे.

पृष्ठभाग चिकट आणि खड्ड्याखड्ड्यांचा झाला, तर झाकणावरचे पाणी बाउवर ठिबकले. झाकणाला कोरडे फडके बांधावे. बांबूच्या टोपलीचे विणलेले झाकण हे काम आपोआप करते: जास्तीची वाफ विणीतून निघून जाते आणि काही ओल बांबू शोषून घेतो.

तुम्हीही करून पाहा

घरी मांस चालत नसेल तर सारणाशिवायही हे प्रयोग होतील. शाळेतही ते करता येतील. वरच्या पिठाचे चार सारखे गोळे घ्या. पहिला वाफवा आणि दुसरा ओव्हनमध्ये भाजा. दोघांचे रंग आणि वास ताडून पाहा. तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा जास्त मळून वाफवा, मग त्याच्या पिवळ्या भागावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका. पिवळेपणा फिका पडतो का? चौथा गोळा वाफेवर ठेवून पाचव्या मिनिटालाच झाकण उघडा आणि पाच मिनिटांत त्याची उंची किती कमी झाली ते मोजपट्टीने मोजा.

आणखी एक प्रश्न तुमच्यासाठी ठेवतो. गोव्यात डुकराच्या मांसाच्या सोरपोतेलबरोबर सान्नां खातात. तांदळाच्या पिठात माडाची ताडी घालून ते फुगवतात आणि वाफवतात. ताडीत यीस्ट असतेच. पण तांदळात ग्लुटेन नसते. मग सान्नांमध्ये वायू कशाने धरून ठेवला जातो? दाट पिठाचे आणि पातळ पिठाचे सान्नां शेजारी शेजारी वाफवा, कापून त्यांची जाळी पाहा, आणि उत्तराची नोंद वहीत करा.